तोवर काय? तात्पुरत्या दाताची गोष्ट

आजच्या भागाची सुरुवात एका कबुलीने करतो. गेल्या पावसाळ्यातले आपले तीन भाग तुम्ही ऐकले असतील, तर माझा आवाज तुम्हाला जरा वेगळा वाटला असेल. दोघा-तिघांनी मेसेज करून विचारलंही, की माइक बदललास का. माइक तोच होता. दात बदलला होता.

झालं असं, की जूनच्या पहिल्याच पावसात सोसायटीच्या उतारावर माझी स्कूटर घसरली. हेल्मेट होतं, पण काच वर केलेली. हात-पाय शाबूत राहिले, वरचा समोरचा एक दात मात्र मुळापासून तडकला. एक्स-रे बघून डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "हा वाचणार नाही. काढू. जखम भरत आली की तिथे इम्प्लांट बसवू. म्हणजे टायटॅनियमचा एक छोटा स्क्रू हाडात जाईल. हाडाने त्याला घट्ट धरलं, की वर पक्का दात."

"किती दिवस लागतील?"

"दिवस नाही, महिने. सगळं मिळून आठ महिने धरा."

मी विचारलं, "आणि तोवर काय?"

त्या हसल्या. म्हणाल्या, "पेशंटचा पहिला प्रश्न पैशांचा असतो आणि दुसरा हाच."

आजचा भाग या दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास आहे. इम्प्लांटचा इतिहास तुम्हाला कुठेही मिळेल. पण स्क्रू बसला आणि दात अजून आलेला नाही, त्या मधल्या महिन्यांत माणसाने तोंड घेऊन कुठे जायचं, हा प्रश्न कुणी, कधी आणि कसा सोडवला? मला तो शोधावासा वाटला, कारण त्या महिन्यांत मी स्वतः राहत होतो.

आधी माझ्या आवाजाचं सांगतो. मला मिळाली ती काढ-घालीची प्लेट. गुलाबी अ‍ॅक्रिलिकचा पातळ पत्रा, टाळूला चिकटून बसणारा, आणि त्याच्या पुढच्या कडेला एक दात. आरशात बघितलं तर झकास. रेकॉर्डिंगला बसलो आणि गंमत कळली. शाळेत आपण शिकलो होतो ना, त थ द ध न ही दंत्य व्यंजनं? जीभ दातांना टेकते म्हणून दंत्य. परीक्षेपुरतं पाठ केलेलं ते व्याकरण त्या दिवशी तोंडात उतरलं. शिवाय आपल्या मराठीत दोन च आहेत. 'चहा'तला वेगळा, 'चाळ'मधला वेगळा. टाळूवर दोन मिलिमीटरचा पत्रा आला आणि माझे दोन्ही च एकच झाले. 'स' म्हणताना शिट्टी वाजायची. ज्याचं सगळं काम आवाजावर चालतं, त्याच्यासाठी हे काही फक्त दिसण्याचं दुखणं नव्हतं.

आता मागे जाऊ.

नुसतं दिसण्यासाठी लावलेला दात ही फार जुनी गोष्ट आहे. इटलीतल्या इट्रस्कन लोकांच्या थडग्यांत, ख्रिस्ताच्याही कित्येक शतकं आधीच्या, सोन्याच्या पट्ट्या सापडल्या आहेत. पट्टी शेजारच्या दातांना गुंडाळायची आणि मधल्या खिंडारात बदली दात बसवायचा. पण तो जमेल तितके दिवस टिकवायचा दात होता. 'हा अमुक दिवसांपुरता, मग दुसरा येणार' अशी कल्पना त्यात नव्हती.

ठरवून थोड्या वेळापुरता केलेल्या दातांची एक मजेदार गोष्ट हॉलिवूडमध्ये सापडते. 1930 च्या दशकात तिथे चार्ल्स पिंकस नावाचे दंतवैद्य होते. नटनट्यांच्या दातांवर चिकटवायची पातळ कवचं ते बनवायचे. चिकटवायला कवळीची पावडर वापरायची. कॅमेरा सुरू असेपर्यंत ती टिकायची, शॉट संपला की काढून ठेवायची. जेवायची तर सोयच नाही. त्यांच्याकडे शर्ली टेंपल ही बालकलाकार यायची. वय दुधाचे दात पडायचं, आणि पिक्चरचं शूटिंग तर महिनोन्‌महिने चालणार. एका सीनमध्ये दात आहे आणि पुढच्याच सीनमध्ये खिंडार, हे चालणार कसं? मग नवा दात उगवेपर्यंत पिंकस यांचे दात. म्हणजे निसर्ग आपल्या गतीने येणार, आणि लोकांसमोर उभं तर आजच राहायचंय. माझा आणि शर्ली टेंपलचा प्रश्न एकच होता म्हणायचा.

त्याच सुमारास योग्य सामानही हाताशी आलं. त्याआधी कवळ्या तपकिरी-लालसर कडक रबराच्या असत. 1937 पासून अ‍ॅक्रिलिक वापरात आलं. लढाऊ विमानांच्या काचा ज्या घराण्यातल्या, त्याच घराण्यातलं हे प्लास्टिक. रंग हिरडीसारखा देता येतो, घासून आकार बदलता येतो, तुटलं तर जोडता येतं. पुढच्या दशकात भट्टीशिवाय, साध्या खोलीतच घट्ट होणारं अ‍ॅक्रिलिक निघालं आणि डॉक्टरला खुर्चीशेजारी उभं राहून दात घडवता येऊ लागला. तात्पुरत्या दाताचं साहित्य तयार होतं. त्याची खरी गरज निर्माण व्हायला मात्र एक ससा यावा लागला.

1952 साली स्वीडनमध्ये पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे संशोधक हाडातलं रक्ताभिसरण बघत होते. दातांशी त्यांचा काही संबंध नव्हता. सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची छोटीशी नळी बसवून ते सूक्ष्मदर्शकातून आत डोकवायचे. प्रयोग संपल्यावर नळी परत काढायला गेले, तर ती निघेना. हाड धातूला थेट येऊन भिडलं होतं.

याआधीही लोकांनी जबड्यात धातू बसवून बघितला होता, आणि नंतरही काही वर्षं वेगवेगळ्या आकारांचे प्रयोग चालूच राहिले. बसवला की लवकर वर दात लावायचा, अशी बहुतेकांची रीत. मग धातूभोवती हाडाऐवजी एक मऊ, तंतुमय आवरण तयार व्हायचं. अस्सल दाताभोवतीही मऊ आवरण असतंच, तेव्हा हे चांगलंच आहे, असंही काही जण मानत. कालांतराने असे कितीतरी दात डुगडुगायला लागायचे.

ब्रोनेमार्क यांनी उलटं सांगितलं. स्क्रू बसवा, वरून हिरडी शिवून टाका आणि विसरून जा. खालच्या जबड्यात साधारण तीन-चार महिने, वरच्यात पाच-सहा महिने. मग हिरडी उघडा आणि दात लावा. 1965 साली त्यांनी योस्टा लार्सन या पहिल्या रुग्णाला खालच्या जबड्यात चार इम्प्लांट बसवले. लार्सन यांच्या जबड्यात जन्मापासून व्यंग होतं. 2006 साली ते वारले तेव्हा ते इम्प्लांट चाळीस वर्षांहून जास्त काळ चालले होते.

थांबायचं कशासाठी? आंब्याचं कलम बांधल्यावर धरलंय का हे बघायला ते रोज हलवलं, तर ते धरेल का? इथेही तसंच. स्क्रू सुरुवातीला नुसत्या पिळाच्या पकडीवर उभा असतो. पहिल्या तीन-चार आठवड्यांत ही पकड उलट थोडी सैल होते, कारण शरीर दुखावलेलं जुनं हाड काढून नवं घालत असतं. त्या काळात स्क्रू साधारण 100 ते 150 मायक्रॉनपेक्षा जास्त हलत राहिला, म्हणजे जेमतेम केसाच्या जाडीहून थोडा जास्त, तर तिथे हाडाऐवजी तेच मऊ आवरण तयार होऊ शकतं. म्हणून थांबायचं.

म्हणजे बघा, इम्प्लांट यशस्वी झाला तो थांबण्यामुळे. आणि 'तोवर काय' हा प्रश्नही त्या थांबण्यातूनच जन्माला आला.

सुरुवातीचे रुग्ण बहुतेक पूर्ण दात गेलेले होते, त्यांच्याकडे जुनी कवळी असायची. नियम असा होता, की सर्जरीनंतर साधारण दोन आठवडे कवळी अजिबात लावायची नाही. मग ती आतून कोरायची, मऊ अस्तर घालायचं आणि पक्के दात येईपर्यंत तीच वापरायची. वैद्यकीय नियमातली ही एक ओळ. पण ज्याला घरात, ऑफिसात ते दोन आठवडे काढायचेत, त्याच्या बाजूने ती वाचून बघा.

मला ती वाचताना माझी आजी आठवली. तिचे सगळे दात काढले तेव्हा मी चौथीत होतो. इम्प्लांट वगैरे काही नाही, साधी कवळी बसवायची होती. 'हिरड्या वाळू देत, मग माप घेऊ' असं सांगून तिला घरी पाठवलं. तीन महिने गेले. त्या तीन महिन्यांत आजी भजनाला गेली नाही. दारात कुणी आलं तर तोंडावर पदर धरून बोलायची. आम्हाला वाटायचं, दुखत असेल. परवा मी प्लेट लावून तिच्यासमोर बसलो होतो, बोबडं बोलत होतो, तेव्हा मी तिला विचारलं, "तेव्हा तू डॉक्टरांना म्हणाली नाहीस का गं, तोवर मी काय करू?" ती म्हणाली, "अरे, असं विचारायचं असतं हेच कुठे ठाऊक होतं?"

तर, 1982 साली कॅनडातल्या टोरांटोमध्ये एक परिषद झाली आणि ब्रोनेमार्क यांची पद्धत उत्तर अमेरिकेतल्या दंतवैद्यांनी उचलली. मग हळूहळू एकच दात गेलेली माणसंही इम्प्लांटसाठी येऊ लागली. आणि इथे प्रश्न अवघड झाला. पूर्ण कवळीवाल्याकडे जुनी कवळी तरी असते. पंचविशीतल्या माणसाचा समोरचा एक दात गेला, तर त्याच्याकडे काहीच नसतं. त्याला तर दुसऱ्या दिवशी कामावर जायचंय.

आता तात्पुरता दात घडवणाऱ्याच्या जागी जाऊन विचार करा. दात खरा दिसला पाहिजे. खालच्या जखमेवर दाबला जाता कामा नये. स्क्रूवर जोर येता कामा नये. आणि डॉक्टरला हवा तेव्हा काढता आला पाहिजे. चारही गोष्टी एका दातात बसवायच्या म्हणजे कसरतच आहे.

माझ्यासारखी प्लेट घ्या. स्वस्त, एका दिवसात तयार. पण ती हिरडीवर टेकते. घास चावला की खाली दबते, आणि दबते नेमकी तिथेच जिथे खाली स्क्रू झोपलेला असतो. म्हणून दाताचा बुडखा घासून खाली फट ठेवावी लागते. माझी फट आधी पुरेशी नव्हती. चौथ्या दिवशी हिरडीवर पांढरट वळ उठला. मॅडमनी अर्धा मिलिमीटर घासला आणि ठणका थांबला.

दुसरा उपाय पारदर्शक ट्रे. दात सरळ केल्यावर ते परत सरकू नयेत म्हणून लावतात तसला. अमेरिकेतले ऑर्थोडॉन्टिस्ट जॅक शेरिडन यांनी 1993 मध्ये पातळ पारदर्शक प्लास्टिकचा असा ट्रे पुढे आणला, आणि रिकाम्या जागी आत एक दात भरला की त्याचा तात्पुरता दात होतो, हे लक्षात आलं. याचा सगळा भार बाकीच्या दातांवर जातो, जखम सुरक्षित राहते. मात्र जेवताना काढावा लागतो आणि काही महिन्यांत झिजून फाटतो. म्हणजे हॉटेलात सगळ्यांसमोर खिंडार उघडं.

तिसरा उपाय मला सगळ्यात आवडला. 1973 साली फ्रान्समध्ये अ‍ॅलन रोशेट यांनी हलणाऱ्या दातांना मागून आधार द्यायला धातूची एक पट्टी केली. पट्टीला भोकं ठेवली, त्यांत चिकट रेझिन शिरून घट्ट बसायचं. तिलाच एक दात जोडला की झाला ब्रिज, शेजारचे दात न कापता. पुढे अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात भोकांशिवायची, जास्त पक्की पट्टी निघाली आणि भोकांची पट्टी जुनी ठरली. पण इम्प्लांटवाल्यांना तीच जुनी हवी होती. का? कारण भोकांतलं रेझिन कोरून काढलं की पट्टी अलगद सुटते. काम झालं की परत चिकटवता येते. पक्क्या कामातला तिचा दोष तात्पुरत्या कामात गुण ठरला.

या तिन्ही उपायांत तात्पुरता दात स्क्रूपासून लांब ठेवला जातो. मग काही जणांनी धाडसी प्रश्न विचारला. थेट त्या नव्या स्क्रूवरच तात्पुरता दात लावला तर?

अमेरिकेतले पॉल श्निटमन आणि त्यांचे सहकारी यांनी हे फार शहाणपणाने करून बघितलं. त्यांचा पहिला लेख 1990 चा, दहा वर्षांचे निकाल 1997 मध्ये आले. दहा रुग्ण, खालचा जबडा, एकूण 63 इम्प्लांट. त्यांपैकी 35 नेहमीसारखे हिरडीखाली झाकून ठेवले. उरलेल्या 28 वर लगेच तात्पुरता पक्का ब्रिज बसवला. कल्पना अशी, की हे 28 गेले तरी चालतील, त्यांचं काम मधले महिने निभावून नेणं. झाकलेले 35 पुढच्या आयुष्यासाठी. निकाल काय लागला? झाकलेले 35 च्या 35 टिकले. लगेच कामाला लावलेल्या 28 पैकी फक्त 4 गेले.

या आकड्याकडे दोन्ही बाजूंनी बघता येतं. थांबणाऱ्यांचं म्हणणं खरं ठरलं, कारण गेले ते घाई केलेलेच. आणि घाई करणाऱ्यांचंही, कारण निव्वळ मधल्या काळापुरते ठेवलेले 24 इम्प्लांट टिकून राहिले. मग प्रश्न बदलला. 'घाई करायची का' यावरून तो 'कोणत्या अटींवर करायची' इथे आला.

1998 मध्ये पीटर व्योर्ले यांनी समोरच्या एकेका दाताच्या चौदा रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. दात काढला, त्याच बैठकीत इम्प्लांट, त्यावर तात्पुरती कॅप. चौदाही टिकले. अट अशी की कॅप समोरच्या दातांना टेकू द्यायची नाही. दिसायला दात, चावायला नाही. 2003 मध्ये पोर्तुगालच्या पाउलो मालो यांनी खालच्या पूर्ण जबड्यासाठी चार इम्प्लांट आणि त्यांवर लगेच अ‍ॅक्रिलिकचे सगळे दात, ही पद्धत मांडली. तिथे स्क्रू एकमेकांना ब्रिजने जखडलेले असतात, त्यामुळे एकटा कुणी हलत नाही.

पण हे सगळ्यांना जमत नाही, हे लक्षात ठेवा. हाड भक्कम हवं, स्क्रू सुरुवातीलाच घट्ट बसायला हवा. माझ्या मुळाच्या तडेमुळे पुढचं हाड पातळ झालं होतं. म्हणून मॅडमनी मला सरळ सांगितलं, "तुमच्या बाबतीत घाई नको." जाहिरातीत 'एका दिवसात दात' वाचलं की हा भाग आठवा.

डिसेंबरमध्ये माझी प्लेट गेली आणि इम्प्लांटवर स्क्रूने बसवलेला तात्पुरता दात आला. मला वाटलं, आता हाडाने धरलंय, मग परत तात्पुरता कशाला? इथे मला तात्पुरत्या दाताचं एक नवं काम कळलं. दात गेल्यावर हिरडी सपाट होते. खऱ्या दाताभोवती तिची जी कमान असते ती मोडते. तात्पुरत्या दाताच्या बुडख्याला अ‍ॅक्रिलिकचा थर थोडा थोडा चढवून हिरडी हळूहळू ढकलत नेतात. दाबल्यावर हिरडी पांढरी पडते. दहा-पंधरा मिनिटांत गुलाबी झाली तर ठीक, नाही तर घासून कमी करायचं. माझे असे तीन फेरे झाले. कमान जमली तेव्हा त्या बुडख्याच्या आकाराचं माप घेऊन लॅबला गेलं आणि पक्का दात त्यावरून बनला. चित्रकार आधी कच्चं रेखाटन करतो ना, तसं. फरक एवढाच, की हे रेखाटन तोंडात घालून मी दोन महिने जेवत होतो.

आता हे सगळं कंप्युटरवरही होतं. 1985 मध्ये झ्युरिकला वेर्नर म्योरमान यांच्या यंत्राने रुग्णाला खुर्चीतच सिरॅमिकचं भरण कोरून दिलं. आज तोंडाचा स्कॅन होतो, अ‍ॅक्रिलिकचा ठोकळा मशीन कोरतं, काही ठिकाणी थ्री-डी प्रिंटर दात छापतो. इम्प्लांटचे पृष्ठभाग खरबरीत झाल्यापासून चांगल्या हाडात थांबायचा काळ सहा-आठ आठवड्यांवरही आलाय. पण शून्यावर नाही आला. यंत्राचा वेग वाढला, हाडाचा त्याचाच आहे.

संक्रांतीला मी मूर्खपणा केला. शेंगदाण्याची चिक्की समोरच्या दाताने तोडली. दाताचा कोपरा उडाला. घाबरत गेलो. मॅडम म्हणाल्या, "बरंच झालं की. प्लास्टिक तुटलं म्हणून स्क्रू वाचला. घरातला फ्यूज कशाला असतो?" वीस मिनिटांत नवा कोपरा लावून दिला.

फेब्रुवारीत पक्का दात आला. जुना तात्पुरता दात मी मागून घेतला. तो आत्ता माइकशेजारी एका छोट्या डबीत आहे. आजीला दाखवला तर तिने उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "मग हा वाईट कुठे आहे?"

तर मंडळी, तुमच्यापैकी कुणाला, किंवा घरातल्या आजी-आजोबांना दातांचं मोठं काम करायचं असेल, तर पहिल्याच भेटीत विचारा: तोवर काय? प्लेट की ट्रे की चिकटवलेला ब्रिज? खाली हिरडीवर दाबणार तर नाही ना? जेवताना काढायचा का? तुटला तर किती वेळात दुरुस्त होईल? हे विचारणं म्हणजे नखरे नाहीत. त्या मधल्या महिन्यांतही माणसाला बोलायचं असतं, हसायचं असतं, भजनाला जायचं असतं.

आजच्यापुरतं इतकंच. हेडफोन लावून नीट ऐकलंत, तर कळेल, माझे दोन्ही च परत आलेत. चहा. चाळ. भेटू पुढच्या भागात.